साचा कोणाच्या मालकीचा?

श्रीमंतांच्या हौसेच्या जुन्या मोटारींना सुटे भाग मिळतात की नाही, या प्रश्नाशी समाजवादी चळवळीला काय कर्तव्य आहे, असे एखाद्या कार्यकर्त्याने विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. ज्या राज्यात एस. टी.ची गाडी ऐन घाटात बंद पडते आणि एका साध्या पट्ट्यासाठी प्रवाशांना तासन्‌तास ताटकळावे लागते, तेथे ब्रिटनमधील काही हजार शौकिनांनी आपल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या गाड्यांसाठी भांडवल कसे उभारले याची चर्चा चैनीची वाटणे स्वाभाविक आहे. तथापि अर्थव्यवहाराचे मूळ स्वरूप पुष्कळदा अशा क्षुल्लक दिसणाऱ्या उदाहरणातच उघडे पडते. जीवनावश्यक वस्तूंच्या बाबतीत अनुदाने, निवडणुकांची गणिते, ठेकेदारांचे हितसंबंध यांचा एवढा गुंता झालेला असतो की त्याखालचा सांगाडा दिसेनासा होतो. हौसेच्या मोटारीच्या बाबतीत यांतले काही नसते. यंत्र आहे, ते वापरणारे आहेत, ते बनविणारा कारखाना बंद झाला आहे आणि मदतीला कोणी येणार नाही हे सर्वांना पक्के ठाऊक आहे. अशा वेळी ते यंत्र चालू ठेवायचे तर भांडवल कोणी घालायचे आणि त्यातून जे निर्माण होईल त्यावर हक्क कोणाचा, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. हा प्रश्न समाजवाद्यांचा नाही असे कोण म्हणेल?

‘ट्रायम्फ स्टॅग’ या मोटारीचे उदाहरण घ्यावे. ब्रिटिश लेलँड या महाकाय कंपनीने ही चार माणसांची उघड्या टपाची गाडी १९७० साली बाजारात आणली आणि १९७७ साली तिचे उत्पादन थांबविले. गाडीचे रूप मिकेलोत्ती या इटालियन रचनाकाराने घडविले होते. या सात वर्षांत सुमारे २६ हजार गाड्या तयार झाल्या. मोटारधंद्याच्या हिशेबाने ही संख्या नगण्य होय. गाडीचा सांगाडा ट्रायम्फच्या दुसऱ्या एका गाडीवरून घेतलेला असल्यामुळे त्या भागांची फारशी अडचण नव्हती. अडचण होती ती इंजिनाची. तीन लिटरचे, आठ सिलिंडरचे हे इंजिन केवळ स्टॅगसाठी तयार केले गेले आणि दुसऱ्या कोणत्याही गाडीत ते कधीच बसविले गेले नाही. ब्लॉक लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमची. हेड आवळणारे काही स्टड सरळ तर काही तिरके, त्यामुळे गंज चढला की हेड जाग्यावरून हलेना. लांबलचक टायमिंग चेन वेळेवर न बदलल्यास सगळ्या इंजिनाचाच ग्रास घेणारी. आणि पाण्याचा पंप इतक्या उंचावर बसविलेला की पाणी थोडे उतरले तरी तो कोरडा पडावा. गाडी तापण्याबद्दल बदनाम झाली. अनेक मालकांनी कंटाळून मूळ इंजिन काढून टाकले आणि रोव्हरचे किंवा फोर्डचे इंजिन आणून बसविले. एका अर्थाने तो बाजारानेच सुचविलेला उपाय होता: जे दुर्मीळ आहे ते टाका, जे मुबलक आहे ते घ्या.

पण काहींनी तो मानला नाही. त्यांच्या पुढचा हिशेब सर्वसामान्य वाचकांनीही एकदा नीट पाहण्यासारखा आहे. समजा, एखादा भाग पत्र्याचा आहे आणि तो प्रेसमध्ये दाबून काढावा लागतो. त्यासाठी पोलादाचा साचा लागतो. साच्याला दहा लाख रुपये पडतात असे धरू. साचा तयार झाल्यावर प्रत्येक नगाला पत्रा, मजुरी, वीज मिळून पाचशे रुपये लागतात. मूळ कंपनीने पन्नास हजार नग काढले तर साच्याचा बोजा नगामागे वीस रुपये. म्हणजे भाग पाचशे वीस रुपयांस पडला. पुढे गाडी दुर्मीळ झाली, मागणी अडीचशे नगांची राहिली, की तोच बोजा नगामागे चार हजारांवर जातो आणि भाग साडेचार हजारांस पडतो. तेवढेच असते तरी भागले असते. पण हे अडीचशे नग एका दिवसात खपत नाहीत. आज दहा गाड्यांना लागतात, पुढच्या वर्षी पंचवीसांना, असे करीत दहा वर्षे जातात. दहा वर्षे दहा लाख रुपये अडकून पडतात, त्यावर व्याज चढते आणि गोदामात माल गंजतो. बँकेकडे जावे तर ती तारण मागते. एकाच गाडीचा एकच भाग काढू शकणाऱ्या साच्याला तारण म्हणून भंगाराच्या लोखंडाची किंमत! बँकेच्या दृष्टीने तिचे काही चुकत नाही.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात स्थिर खर्च आणि सीमान्त खर्च यांच्या वक्ररेषा विद्यार्थी परीक्षेपुरत्या काढतात आणि विसरून जातात. इथे ती रेषा म्हणजे कित्येक मण वजनाचा पोलादी ठोकळा आहे. मागणी नाही म्हणून पुरवठा नाही, असे जे उत्तर व्यापारी देतो ते खरे नसते. मागणी असते, पण ती गावोगावी विखुरलेली असते आणि वर्षानुवर्षांत विखुरलेली असते. ती एकत्र गोळा करून आजच्या आज साचेकाराच्या हातात ठेवण्याची ताकद सुट्या खरेदीदारात नसते आणि तशी इच्छा बाजारात नसते. त्यासाठी संस्थाच लागते.

स्टॅगच्या मालकांनी १९७९ साली आपला संघ काढला आणि पुढे साच्यांसाठी स्वतंत्र निधी उभा केला. अशा निधीची पद्धत अगदी साधी असते. सभासदांनी थोडे थोडे भांडवल घालायचे. त्या पैशातून ज्या भागाची टंचाई सर्वांत जाचक असेल त्याचा साचा किंवा ओतकामाचा नमुना करून घ्यायचा. भाग विकताना किमतीत साच्याच्या खर्चाचा हप्ता धरायचा. आणि तो वसूल होत गेला की पुढच्या भागाकडे वळायचे. लाभांश वाटण्याचा हेतू नसतो, पैसा फिरता राहतो. ट्रायम्फच्या दुसऱ्या गाड्यांच्या मालकांनीही हाच मार्ग धरला. ब्रॅडफर्ड शहरातील जोवेट या छोट्या कारखान्याने १९५०च्या दशकातच मोटारी बनविणे सोडले होते. त्याच्या ‘ज्युपिटर’ या गाडीची संख्या तर हजारावरही गेली नाही. त्या गाड्यांच्या मालकांनी सुट्या भागांची स्वतःची कंपनीच काढली. या मंडळींपैकी बहुसंख्य लोक मतपेटीत मजूर पक्षाच्या विरोधात मत टाकणारे असतील, असा अंदाज करायला हरकत नाही. पण गाडीच्या बॉनेटखाली हात घातल्यावर त्यांना जी गोष्ट सुचली ती सहकाराची होती. खाजगी मालमत्तेचे कट्टर समर्थकही आपली मालमत्ता टिकविण्यासाठी उत्पादनसाधन समाईक करतात, यातली गंमत चळवळीच्या अभ्यासवर्गात सांगण्याजोगी आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. एकट्या शेतकऱ्याला जन्मात घेता न येणारी यंत्रसामग्री हजारोंनी भागभांडवल घालून घ्यावी, हे प्रवरानगरला १९५०च्या सुमारास प्रत्यक्षात उतरले आणि त्यामागे धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थशास्त्रज्ञ उभा होता. फरक इतकाच की साखर कारखान्याला सरकारचा आणि वित्तसंस्थांचा हातभार होता. मोटारवाल्यांना तो मिळाला नाही आणि मिळू नये हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. हौसेच्या मोटारीसाठी सार्वजनिक तिजोरीतून एक पैसाही जाण्याचे कारण नाही.

अशा निधीचे चित्र रंगवताना भाबडेपणा मात्र नको. साचा आधी कोणत्या भागाचा करायचा यावर भांडणे होतात. प्रदर्शनात गाडी मांडणाऱ्याला कारखान्यातून निघाली तशीच पट्टी आणि तेच बिल्ले हवे असतात. रोज गाडी चालविणाऱ्याला पाण्याचा पंप हवा असतो. ज्याने छदामही घातला नाही तोही पुढे दुकानातून तोच भाग त्याच किमतीत नेतो, तेव्हा वर्गणीदारांच्या मनात सल राहतो. मालाची प्रत हा तर कायमचा वाद. मूळ मापाबरहुकूम दिसणारा रबराचा भाग वर्षभरात चिरफळतो, कमी प्रतीच्या पोलादाची चेन ताणली जाते, आणि एक घाणा वाया गेला की निधीचे कंबरडे मोडते. या सगळ्यांहून एक गोष्ट अधिक खटकते. असे संघ चालतात ते पुष्कळ अंशी निवृत्त माणसांच्या बिनपगारी कष्टांवर. नकाशे शोधणे, मापे घेणे, ओतशाळेत खेटे घालणे, आलेला माल तपासणे हे काम कोणी तरी जुना इंजिनिअर किंवा फिटर हौसेने करतो. त्याची किंमत हिशेबाच्या वहीत कुठेच येत नाही. ती धरली तर भागाची किंमत आणखी वाढेल. म्हणजे ज्याला आपण सहकार म्हणतो त्यात एक अदृश्य देणगी मिसळलेली असते आणि ती देणारी पिढी संपली की निधीला खरी किंमत मोजावी लागणार आहे. लाकडाचा नमुना हाताने घडवून ओतकामाला देणारे कारागीर कॉव्हेंट्रीत एके काळी पिढ्यान्‌पिढ्या तयार होत. कारखाने गेले, शिकाऊ उमेदवारीची पद्धत गेली, आणि त्यांच्याबरोबर ते हातही गेले. पैशाने साचा विकत घेता येतो; साचेकार विकत घेता येत नाही, त्याला दहा वर्षे घडवावा लागतो.

आता मूळ साच्यांचे काय झाले ते पाहिले पाहिजे, कारण समाजवाद्यांनी आत्मपरीक्षण करावे असा भाग येथेच आहे. ब्रिटिश लेलँड १९६८ साली अनेक कंपन्यांच्या विलीनीकरणातून जन्माला आली, आणि दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोचल्यावर मजूर पक्षाच्या सरकारने १९७५ साली ती आपल्या ताब्यात घेतली. म्हणजे स्टॅगचे उत्पादन चालू असतानाच तिचे नकाशे, साचे, जिग, मोजमापाची साधने ही सगळी कायद्याने ब्रिटिश जनतेची झाली होती. त्या जनतेला त्यांवर कोणता अधिकार मिळाला? कॅन्लीच्या कारखान्यातील मोटारींची जुळणी १९८० साली थांबली. त्याच वर्षी ॲबिंग्डनचा एम. जी.चा कारखानाही बंद झाला. कोणते साचे ठेवायचे आणि कोणते मोडीत काढायचे हे ना कामगारांना विचारले गेले, ना गाड्या वापरणाऱ्यांना. कंपनीने जुन्या गाड्यांच्या भागांसाठी ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची शाखा १९७५ साली काढली होती, ही गोष्ट तिच्या श्रेयाची. या शाखेने विखुरलेले जुने साचे जमवून १९८८ साली एम. जी. बी. या गाडीचा पत्र्याचा संपूर्ण सांगाडा पुन्हा तयार करून विकायला काढला. ते चांगले काम होते. पण एम. जी. बी.च्या पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या होत्या. तेथे हिशेब बसत होता. जेथे हिशेब बसत नव्हता तेथे मालकी सरकारची असूनही निर्णय नफ्यातोट्यानेच होत होता.

याहून बोलके प्रकरण न्यायालयात घडले. आर्मस्ट्राँग पेटंट्स नावाची कंपनी मॉरिस मरीना या लेलँडच्या गाडीला बसणारी एक्झॉस्टची नळकांडी बनवीत असे. मूळ नळकांडे समोर ठेवायचे आणि त्याबरहुकूम दुसरे काढायचे, एवढाच तिचा उद्योग. लेलँडचे म्हणणे असे की नळकांड्याचा मूळ नकाशा ही कलाकृती आहे, तिच्यावर कंपनीचा प्रताधिकार आहे, तेव्हा नकाशा डोळ्यांनी पाहिलेला नसला तरी त्यावरून झालेल्या वस्तूची नक्कल करणे म्हणजे प्रताधिकाराचा भंग होय. भाग काढायचा तर परवाना घ्या आणि रॉयल्टी भरा. कवीच्या कवितेला कायदा जे संरक्षण देतो तेच धुराच्या नळकांड्याला, आणि तेही कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर पन्नास वर्षे! खालच्या न्यायालयांनी लेलँडच्या बाजूने कौल दिला. १९८६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फिरविला. ज्याला गाडी विकली त्याला ती दुरुस्त करण्याचा हक्कही मिळालेला असतो, आणि विकणाऱ्याने प्रताधिकाराच्या आडून तो हक्क निष्फळ करू नये, असा त्या निर्णयाचा आशय होता. १९८८च्या कायद्याने रचनेवरील हक्कांची पुन्हा मांडणी केली आणि दुसऱ्या वस्तूत बसण्यासाठी किंवा तिच्याशी जुळण्यासाठी भागाला जो आकार असावाच लागतो, तो रचनेच्या हक्कातून वगळला. आज ब्रिटनमध्ये कोणताही छोटा कारखानदार जुन्या गाडीचा भाग उघडपणे बनवू शकतो, त्याच्या मुळाशी हा निकाल आणि हा कायदा आहे.

या खटल्यात मक्तेदारीचा दावा सांगणारी कंपनी सार्वजनिक मालकीची होती आणि दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूला एक खाजगी कंपनी उभी होती, ही गोष्ट डाव्या लेखनात सहसा सांगितली जात नाही. ती सांगितल्याने उजव्यांच्या हाती कोलीत मिळेल, अशी भीती असते. वस्तुतः कोलीत लपविल्याने विझत नाही. आर्मस्ट्राँगचा हेतू काही जनकल्याणाचा नव्हता, तिलाही नफाच हवा होता. पण राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा केवळ भागधारक बदलले. वापरणाऱ्याशी असलेला कंपनीचा संबंध जसा होता तसाच राहिला. तोच तिच्या पुढच्या अधोगतीचाही पाया ठरला. थॅचर सरकारने १९८८ साली ही कंपनी ब्रिटिश एरोस्पेसला विकून टाकली. १९९४ साली ती जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू.कडे गेली आणि तिने २००० साली रोव्हरचा धंदा अवघ्या दहा पौंडांस सोडून दिला. २००५ साली बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज कारखान्यातील कामगार रस्त्यावर आले. मोटारींसाठीचे ‘ट्रायम्फ’ हे नाव मात्र बी. एम. डब्ल्यू.ने स्वतःकडे ठेवले. जुन्या भागांची हेरिटेज शाखा २००१ साली तिच्याकडून खाजगी मालकीत गेली. जनतेच्या पैशाने वाचविलेल्या कारखान्याची नावे, नकाशे आणि साचे असे हातोहात फिरत राहिले, आणि जनता जेथे होती तेथेच राहिली.

दुसरा मार्ग त्याच काळात, त्याच देशात सुचविला गेला होता. लुकास कंपनीची विजेची उपकरणे ब्रिटिश मोटारींत सर्रास असत, स्टॅगमध्येही होती. तिच्या विमान-उपकरणांच्या शाखेतील कामगार प्रतिनिधींनी १९७६ साली कपातीला उत्तर म्हणून पर्यायी उत्पादनाची योजना मांडली. माइक कूली हे त्या योजनेचे एक प्रमुख शिल्पकार होते. किडनीची यंत्रे, उष्णता पंप, रस्ता आणि रूळ दोन्हींवर चालणारे वाहन अशा सुमारे दीडशे वस्तू त्यांनी सुचविल्या. समाजाला काय हवे आणि या हातांना, या यंत्रांना काय करता येते, या दोन प्रश्नांची सांगड कामगारांनी स्वतः घातली होती. व्यवस्थापनाने ती योजना फेटाळली आणि मजूर सरकारने तिला पुरेसे पाठबळ दिले नाही. ज्या कारखान्यात कुशल माणसे आणि सर्व कामांना चालणारी लेथ, मिलिंग यंत्रे आहेत, तेथे लहान लहान घाण्यांनी दुरुस्तीचे भाग काढणे हे काम त्या योजनेच्या वृत्तीशी अगदी जुळणारे ठरले असते. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाला जे नकोसे वाटते तेच अशा कारखान्याचे पोटभर काम असते.

गेल्या काही वर्षांत बड्या कंपन्यांना जुन्या गाड्यांचे प्रेम अचानक आठवले आहे. निस्सानने २०१७ साली आपल्या स्कायलाइन जी. टी. आर. या गाडीचे बंद पडलेले भाग पुन्हा काढायला सुरुवात केली. टोयोटाने २०२० साली २००० जी. टी. या गाडीसाठी तसेच केले; ही गाडी १९६७ ते १९७० या काळात जेमतेम साडेतीनशे निघाली होती. या गाड्या कोणत्या हे लक्षात घेण्यासारखे आहे. लिलावात ज्यांच्या किमती आकाशाला भिडल्या त्याच या गाड्या. त्याच कंपन्यांचा ज्या शेतकऱ्याने वीस वर्षे माल वाहिला त्या साध्या पिकअप गाडीसाठी एवढा उमाळा आलेला दिसत नाही. भांडवल परत आले ते गरजेच्या हाकेला नव्हे, किमतीच्या हाकेला.

दरम्यान तंत्रानेही हिशेब बदलला आहे. भागाचे त्रिमितीय मापन करून संगणकावर त्याची प्रतिकृती घेता येते, ओतकामाचा वाळूचा साचा लाकडी नमुन्याशिवाय थेट छापता येतो. वर दिलेल्या उदाहरणातले दहा लाख काही भागांच्या बाबतीत लाखावर येऊ शकतात. याने प्रश्न सुटला असे मानणारे भोळे म्हटले पाहिजेत. पूर्वी साचा लोखंडाचा होता, आता तो आकड्यांचा आहे. कुलूप लावणे उलट सोपे झाले आहे. युरोपीय संघाने २०२४ साली रचना-हक्कांच्या नव्या निर्देशात दुरुस्तीसाठी लागणाऱ्या बाह्य भागांना हक्काच्या कक्षेतून वगळले, पण जेथे असे संरक्षण आधीपासून आहे तेथे ते २०३२पर्यंत चालू ठेवण्याची मुभाही दिली. कंपन्यांचा दबाव किती असतो हे त्या आठ वर्षांवरून कळते.

भारतातील कार्यकर्त्याला हे सारे दूरचे वाटू नये. स्टॅगच्या मिकेलोत्तीनेच रेखलेली ट्रायम्फ हेराल्ड मद्रासच्या कारखान्यात ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून बनत असे. मुंबईच्या तर दोन पिढ्या कुर्ल्याला तयार झालेल्या पद्मिनी टॅक्सीत बसून मोठ्या झाल्या. पद्मिनीचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले. शेवटची टॅक्सी वयोमर्यादेच्या नियमाने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेली. मधल्या वीसेक वर्षांत ती चालली ती गल्लीतल्या मिस्त्रींच्या जोरावर. एका मोडीत निघालेल्या गाडीतला भाग काढून दुसरीत घालायचा, नाही मिळाला तर लेथवर घडवून घ्यायचा. त्या टॅक्सीवाल्याला ब्रिटिश शौकिनासारखी दहा वर्षे थांबण्याची सोय नव्हती. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवशी चूल कशी पेटवायची हा त्याचा प्रश्न होता. साच्यांसाठी निधी उभारण्याची खरी गरज त्याला होती, आणि त्याच्यासाठी तसा निधी उभारण्याचे युनियनांच्या आणि पक्षांच्या मनातही आले नाही. मीटरचे दर आणि परवाने यांपलीकडे आपली मागणी गेली नाही, हे मान्य करायला हवे.

चालू गाड्यांच्या बाबतीत मक्तेदारीचे रूप अधिक उघडे आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २ हजार ५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. मूळ सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची उपकरणे त्या खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, त्यामुळे ग्राहक अधिकृत विक्रेत्याच्या दावणीला बांधला जातो आणि स्वतंत्र गॅरेजवाला उपाशी मरतो, असा आयोगाचा निष्कर्ष होता. बौद्धिक संपदेची ढाल कंपन्यांनी पुढे केली. ती आयोगाला पटली नाही. पुढे अपिले झाली, हे सांगायला नकोच. जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व वाहने ही चार क्षेत्रे तिच्यापुढे ठेवली. शेतीची अवजारे त्यात आहेत ही समाधानाची बाब. ट्रॅक्टरचे एखादे मॉडेल कंपनीने बंद केले की ते घेतलेल्या शेतकऱ्याचे कर्ज बंद होत नाही.

परंतु या सगळ्या चर्चेत भर आहे तो माहितीपुस्तिकेवर आणि चालू मालाच्या भागांवर. उत्पादन बंद झाल्यानंतरच्या दिवसाबद्दल कायदा मुका आहे, आणि स्टॅगची सगळी कहाणी त्या दिवसापासून सुरू होते. म्हणून मागणी नेमकी करावी लागेल. कोणत्याही वाहनाचे, ट्रॅक्टरचे, पंपाचे उत्पादन कंपनी थांबवील तेव्हा त्याचे नकाशे आणि मापे सार्वजनिक संग्रहात जमा करणे तिला सक्तीचे असावे. साचे मोडीत काढण्यापूर्वी ते वापरणाऱ्यांच्या सहकारी संस्थेला किंवा त्या कारखान्यातील कामगारांच्या संस्थेला भंगाराच्या भावाने मागण्याचा पहिला हक्क असावा. आणि शेतकऱ्यांच्या, वाहनचालकांच्या अशा संस्थांना साच्यांसाठी फिरता निधी जिल्हा सहकारी बँकांनी द्यावा. तारण साच्याचे न मागता आगाऊ नोंदविलेल्या मागणीचे मानावे. पोटासाठी चालणारे यंत्र आणि हौसेसाठी चालणारे यंत्र यांत येथे फरक करावाच लागेल. नकाशा दोघांनाही खुला असावा, पण निधी फक्त पहिल्याला.

यावर असा आक्षेप येईल की नकाशे खुले झाले तर कोणीही निकृष्ट भाग काढील, ब्रेक निकामी होतील, माणसे मरतील. आक्षेप खोटा नाही. पण निकृष्ट भाग आजही बाजारात भरून आहेत, आणि ते नकाशा नसताना अंदाजाने काढलेले आहेत. मूळ मापे आणि धातूची प्रत उघड असेल तर तपासणी करणाऱ्याच्या हातात निदान कसोटी तरी येईल. कंपन्यांना सुरक्षिततेची एवढी कळकळ असेल तर नकाशे देण्यात त्यांनीच पुढाकार घ्यायला हवा.

या मागण्या संसदेत जातील तेव्हा जातील. तोपर्यंत युनियनांच्या हाती एक गोष्ट आहे. मुंबई, ठाणे, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात कारखाना बंद होताना जे करार होतात त्यांत ग्रॅच्युइटी, नुकसानभरपाई आणि देणी यांची कलमे असतात. जमिनीच्या भावाची कुजबुज असते. साचेघरात काय आहे याची यादी मात्र कोणी मागत नाही. ट्रक भरून लोखंड बाहेर पडते, त्यात काय गेले हे फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही कळत नाही. पुढच्या बंद पडणाऱ्या कारखान्याच्या वाटाघाटींत ती यादी टेबलावर मागावी, आणि ती तपासायला वकिलाबरोबर साचेघरातला जुना मिस्त्रीही न्यावा.